खिडकीवरचे यंत्र खिशात आले, पण कुणाच्या?

माघ-फाल्गुनात ज्वारीची काढणी-मळणी उरकली की आपल्या सोलापूर जिल्ह्यातली माणसे प्रवासाला मोकळी होतात. कुणाला पुण्याला लेकीकडे जायचे असते, कुणाला सोलापूरला डोळे दाखवायचे असतात, कुणाची कांद्याची पट्टी मार्केट यार्डात राहिलेली असते, तर कुणाला नुसतेच पंढरीला जाऊन यायचे असते. जवळचे गाव एस.टी.ने आणि लांबचे रेल्वेने, हा आपला जुना हिशेब. या दोन प्रवासांत एक फरक मात्र पहिल्यापासून आहे. एस.टी.त कंडक्टर तिकीट घेऊन आपल्या जागेवर येतो. रेल्वेत आपल्याला तिकिटाकडे जावे लागते, आणि तेही गाडी सुटायच्या आत.

हे तिकीट मिळण्याची रीत एका माणसाच्या आयुष्यात तीनदा बदलली. पुठ्ठ्याचे तिकीट गेले आणि संगणकाचे आले. मग आपले तिकीट आपणच काढायचे यंत्र स्टेशनात उभे राहिले. ते अंगवळणी पडते न पडते तोच तिकीट मोबाईलवर आले आणि यंत्रापुढची गर्दी विरळ होऊ लागली. शहरातल्या नोकरदाराला या बदलात सोयच सोय दिसते. गावातल्या घराला त्यात काय मिळाले आणि काय हातचे गेले, ते आपले आपणच पाहिले पाहिजे.

आम्हा कृषी विस्ताराच्या लोकांना एक खोड असते. नवे अवजार आले की ते किती काम उरकते हे तर आम्ही विचारतोच. पण ते कुणाच्या दावणीला बांधलेले आहे, हेही विचारतो. गावात मळणी यंत्र आले म्हणजे ते सगळ्यांच्या खळ्यावर वेळेवर आले असे होत नाही. ज्याच्या मालकीचे असते त्याचे खळे आधी होते, बाकीचे आभाळाकडे बघत बसतात. तिकिटाच्या यंत्राकडे मी त्याच नजरेने पाहतो.

पुठ्ठ्याचे तिकीट आणि खट् आवाज

ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीची आगगाडी १८५९ मध्ये बार्शी रोडपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत आली आणि १८६० मध्ये मोहोळवरून सोलापुरात पोचली. त्या वेळी बोरघाटातले काम पुरे झालेले नव्हते. ते १८६३ मध्ये झाले. तोवर घाटाचा टप्पा लोक पालखीने नाहीतर पायी पार करीत. आपल्या भागातले रेल्वेचे तिकीट इतके जुने आहे.

पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांच्या हाताला ते पुठ्ठ्याचे तिकीट अजून आठवत असेल. सव्वादोन इंच लांब, सव्वा इंचाहून किंचित कमी रुंद, कडक, कडेला बोट लावले तर टोचेल असे. हे तिकीट काढण्याची युक्ती टॉमस एडमन्सन नावाच्या इंग्रजाची. हा गृहस्थ मूळचा लाकडी सामान घडवणारा. धंद्यात बसला, दिवाळे निघाले, आणि १८३६ मध्ये न्यूकॅसल-कार्लाइल रेल्वेच्या एका आडबाजूच्या स्टेशनावर मास्तर म्हणून लागला. त्या काळी प्रत्येक तिकीट हाताने लिहून द्यावे लागे. त्यात वेळ जाई आणि कुणी किती तिकिटे विकली याचा ताळमेळ लागत नसे. एडमन्सनने गावांची नावे आधीच छापलेली, ओळीने क्रमांक घातलेली पुठ्ठ्याची तिकिटे केली आणि त्यांवर तारीख उठवणारे एक लहानसे यंत्र बनवले. पुढे रेल्वे कंपन्यांकडून तो मैलामागे वर्षाला दहा शिलिंग घेत असे. बुडालेल्या सुताराने शेवटी नाव काढले म्हणायचे.

त्याची ही पद्धत जगभर गेली आणि आपल्याकडे दीडशे वर्षे टिकली. तिची खरी ताकद हिशेबात होती. खिडकीच्या आत लाकडी कपाट असे, त्यात एकेका गावाच्या तिकिटांचा एकेक उभा खण. तिकिटे क्रमांकाने रचलेली. बुकिंगबाबू खालचे तिकीट ओढी, यंत्राच्या फटीत सारून खट् करी, तारीख उठे आणि तिकीट आपल्या हातात पडे. पाळी संपली की सकाळचा क्रमांक आणि आताचा क्रमांक यांची वजाबाकी करायची. जितकी तिकिटे गेली तितके पैसे गल्ल्यात पाहिजेत. वहीत मांडायला दोन आकडे पुरत. सोसायटीच्या खत गोदामाची साठावही ज्याने ठेवली आहे त्याला यातली खुबी चटकन कळेल.

या पद्धतीला वीज लागत नसे, रोल लागत नसे आणि ती कधी 'डाऊन' होत नसे. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही तिकीट मिळण्यात अडचण नव्हती. गावाचे नाव तोंडाने सांगितले की झाले. लहान स्टेशनावर तर मास्तरच खिडकीवर बसत आणि त्यांना निम्मी गिऱ्हाइके ओळखीची असत. म्हातारी खिडकीशी आली की ती बोलायच्या आत मास्तरांचा हात माढ्याच्या खणाकडे जाई.

पण जुने ते सगळे सोने होते असे मी म्हणणार नाही. छापील तिकीट असे ते ठरावीक गावांचेच. मी राहुरीला कृषी विद्यापीठात शिकत होतो तेव्हा दौंडला गाडी बदलून जावे लागे. आमच्या लहान स्टेशनावर राहुरीचे छापील तिकीट कुठून असणार! मग खाली कार्बन घालून कोऱ्या तिकिटावर हाताने लिहिणे आले. कोष्टकात भाडे शोधायचे, अंतर बघायचे, सही करायची. मागची रांग चुळबुळ करू लागे. सुट्टे नसतील तर बाबूचे दोन शब्द ऐकून घ्यावे लागत ते निराळेच. १९७४ मध्ये तिसरा वर्ग निघाला, पण खिडकीवरची तिसऱ्या वर्गाची वागणूक लगेच निघाली असे नाही.

त्याच मापाचे दुसरे एक पुठ्ठ्याचे तिकीट पोरांना जास्त प्रिय होते. फलाटावरचे वजनाचे यंत्र! वर उभे राहायचे, आतले दिवे फिरायचे, नाणे टाकायचे, आणि खाली वजन छापलेले तिकीट पडायचे; मागे भविष्याची एक ओळ. आठवडाभर पायपीट केलेल्या माणसालाही 'लवकरच धनलाभ' सांगणारे ते यंत्र बहुतेक स्टेशनांवरून कधी उचलले गेले ते कुणाच्या ध्यानातही आले नाही.

संगणक आला

आरक्षणाच्या तिकिटासाठी संगणक १९८५-८६ मध्ये दिल्लीत आला. आपण गावकरी बहुधा जे काढतो ते बिनआरक्षणाचे साधे तिकीट मात्र आणखी बरीच वर्षे पुठ्ठ्याचेच राहिले. त्यासाठी संगणकाची सुरुवात १५ ऑगस्ट २००२ रोजी दिल्ली परिसरातल्या काही स्टेशनांवर झाली आणि पुढच्या काही वर्षांत ती आपल्यापर्यंत येऊन पोचली. पुठ्ठ्याच्या तिकिटांचे काम कमी कमी होत गेले. ती छापणारे रेल्वेचे छापखाने एकेक करून मिटले, आणि २०२३ मध्ये भायखळ्यासह उरलेले पाच छापखानेही बंद करायचे रेल्वे मंडळाने ठरवले.

संगणकाने शेतकऱ्याचा एक मोठा फायदा केला, तो मोकळ्या मनाने सांगितला पाहिजे. कोणत्याही स्टेशनावरून कोणत्याही स्टेशनाचे तिकीट मिळू लागले. मोहोळच्या खिडकीवर उभे राहून थेट नागपूरचे तिकीट मागता येते, आणि कार्बन न घालता मिळते. भाडे चुकत नाही, गावाचे नाव छापून येते. तोटा इतकाच की खिडकी आता विजेवर आणि तारेवर अवलंबून झाली. लाईन गेली की बाबू हात जोडून बसतो आणि गाडी तर थांबत नाही.

स्टेशनातले यंत्र

पुढची पायरी म्हणजे प्रवाशाने स्वतःच तिकीट काढावे. ही कल्पना मुंबईच्या लोकलसाठी निघाली, कारण तिथे दिवसाला लाखो माणसे रांगेत उभी राहत. आधी तिथे कुपनांची पद्धत होती. कुपनांचे पुस्तक विकत घ्यायचे, भाड्याइतकी कुपने यंत्राच्या तोंडात घालून त्यांवर स्टेशन, तारीख, वेळ उठवून घ्यायची. म्हणजे एडमन्सनचेच यंत्र, फक्त खिडकीबाहेर आणून ठेवलेले. ती कुपन यंत्रे २०१५ च्या सुमारास मोडीत निघाली. २००७ पासून बोटाने पडद्यावर दाबून चालवायचे आणि स्मार्ट कार्डावर पैसे भरायचे यंत्र मुंबईत आले होते. नंतर नोटा घेणारी यंत्रेही आली, आणि हळूहळू मुंबईबाहेरच्या मोठ्या स्टेशनांतही ही यंत्रे बसली.

आपल्या भागातल्या माणसाला या यंत्राचा उपयोग झाला तो त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या मदतनिसामुळे. रेल्वेने निवृत्त कर्मचाऱ्यांना, आणि पुढे इतरांनाही, या कामावर नेमले. ते आपल्या कार्डातून तिकीट काढून देतात आणि रेल्वेकडून त्यांना कमिशन मिळते. गंमत बघा, यंत्र आणले ते माणूस वाचवायला, आणि यंत्र चालवायला माणूस उभा करावा लागला! मला यात हसण्यासारखे काही वाटत नाही. ठिबक सिंचन गावात आले तेव्हाही हेच झाले. नळ्या कंपनीने दिल्या, पण फिल्टर कधी धुवायचा आणि आम्ल कधी सोडायचे हे सांगायला बांधावर माणूस गेला तिथेच ठिबक टिकले.

यंत्र मागे का पडू लागले, याची कारणे आपल्या शेतावरच्या यंत्रांसारखीच आहेत. उघड्या स्टेशनात धूळ फार. पडद्यावर दिवसभर हजार बोटे पडतात, तो रुसतो. कागदाचा रोल संपतो. नोटा घेणाऱ्या यंत्राला आपल्या कनवटीच्या चुरगळलेल्या, घामाने मऊ झालेल्या नोटा पचत नाहीत. दहाची नोट चार वेळा घालावी आणि त्याने चार वेळा जीभ काढून परत द्यावी, हा प्रकार अनेकांनी अनुभवला असेल. दुरुस्त करणारा माणूस लांबच्या गावाहून येणार. एका स्टेशनावर मी स्वतः एक यंत्र महिनाभर कापडाखाली झाकलेले पाहिले आहे. हलणारे भाग जितके जास्त तितका देखभालीचा खर्च जास्त, हे उसाच्या चरकालाही लागू आहे. जपानसारख्या देशातही हाच हिशेब चालू आहे. तिथल्या आठ रेल्वे कंपन्यांनी, चुंबकी पट्टीची तिकिटे आणि ती गिळणारी यंत्रे सांभाळणे महाग पडते म्हणून, त्यांऐवजी छापील चौकटीची तिकिटे टप्प्याटप्प्याने आणण्याचे २०२४ मध्ये जाहीर केले.

आणि मग मोबाईल आला. यंत्राची धूळ, रोल, दुरुस्ती, सगळेच संपले. म्हणजे रेल्वेपुरते संपले. कारण आता यंत्र प्रवाशाचे झाले. ते विकत घ्यायचे प्रवाशाने, चार्ज करायचे प्रवाशाने, त्यात दरमहा पैसे भरायचे प्रवाशाने, आणि फुटले तर दुरुस्त करायचे तेही प्रवाशानेच. या बदलातली खरी गोम इथे आहे.

फोन घरात एक, प्रवासी चार

साध्या तिकिटाचे मोबाईल ॲप डिसेंबर २०१४ मध्ये मुंबईत सुरू झाले आणि नोव्हेंबर २०१८ पासून देशभर चालू लागले. पूर्वी स्टेशनापासून ठरावीक अंतराच्या आतूनच तिकीट काढता येई. ती बाहेरची मर्यादा २०२४ मध्ये काढली गेली. १ जुलै २०२५ रोजी रेल्वेने 'रेलवन' हे ॲप आणले, त्यात आरक्षणाचे, साधे आणि फलाटाचे अशी सगळी तिकिटे एकत्र केली. ज्याला जमते त्याच्यासाठी ही उत्तम सोय आहे यात वाद नाही. वस्तीवर बसून तिकीट काढावे, दूध घालून निघावे आणि थेट गाडीत बसावे. रांग नाही, सुट्ट्यांची कटकट नाही.

पण आपल्या घरातले चित्र कसे असते? चांगला फोन थोरल्या मुलाकडे, आणि मुलगा कामाला पुण्याला. घरी वडिलांकडे बटणांचा साधा फोन. आईकडे तोही नाही. असला तर घेणे आणि ठेवणे एवढेच येते. आता आईला मोहोळहून सोलापूरला तपासणीला जायचे आहे. पुण्याचा मुलगा म्हणतो, मी इथून तिकीट काढून पाठवतो. बऱ्याच घरांची फसगत होते ती या ठिकाणी. मोबाईलवरचे कागदविरहित तिकीट ज्या फोनवर काढले त्याच फोनवर दाखवावे लागते. त्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला तर तो तिकीट म्हणून धरला जात नाही. म्हणजे तिकीट पुण्यात आणि प्रवासी मोहोळात! तपासनीस आला की त्या माउलीकडे तिकीट नाही, असाच त्याचा अर्थ.

यावर ॲपमध्ये एक तोड आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे. तिकीट काढताना 'कागदी तिकीट' हा पर्याय निवडता येतो. मग एक बुकिंग क्रमांक मिळतो. तो क्रमांक आणि मोबाईल नंबर सांगून स्टेशनावरच्या यंत्रावर किंवा खिडकीवर तिकीट छापून घ्यायचे. छापील कागद हातात पडल्याशिवाय ते प्रवासाचे तिकीट होत नाही. पण नीट पाहा: ही तोड चालायला स्टेशनात यंत्र नाहीतर उघडी खिडकी पाहिजेच. फोन यंत्राला हाकलतो आहे, आणि फोन नसलेल्या माणसाला फोनचा फायदा पोचवायला यंत्रच लागते.

हा अनुभव आपल्याला नवा नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. पूर्वी तलाठी भाऊसाहेब पीकपेरा लिहीत. आता शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून फोनवर फोटो काढायचा. ज्याच्या घरात शिकलेले पोर आहे त्याचा सातबारा वेळेवर भरला, आणि अचूक भरला. ज्याच्या घरात नाही, त्याने शेजाऱ्याच्या पोराची मनधरणी केली. विधवा बाई, एकटे म्हातारे जोडपे, परगावी राहणारा खातेदार हे मागे राहिले. पुढे गावपातळीवर सहायक नेमून त्यांना मदत करावी लागली. ॲप वाईट नव्हते. ते वापरण्याचे ओझे कुणाच्या डोक्यावर ठेवले, एवढाच प्रश्न होता.

तिकिटाच्या बाबतीत पुढारलेल्या देशांनाही ठेच लागली आहे. इंग्लंडमध्ये २०२३ साली शेकडो स्टेशनांवरच्या तिकीट खिडक्या बंद करायचे ठरले होते. लोकांच्या साडेसात लाखांवर हरकती आल्या. त्यात म्हातारे होते, आंधळे-अपंग होते, खेड्यातले होते. ऑक्टोबरअखेर सरकारला तो बेत सोडून द्यावा लागला. जपानच्या ईस्ट जपान रेल्वेनेही खिडक्या कमी करण्याचा सपाटा लावला होता. रांगा इतक्या वाढल्या की मे २०२४ मध्ये तिला तो थांबवावा लागला. तिकडची माणसे आपल्यापेक्षा यंत्रांना जास्त सरावलेली, तरी खिडकीवरचा माणूस त्यांनाही हवासा वाटला.

आपल्याकडे आषाढी-कार्तिकीला पंढरपूरला हे दरवर्षी दिसते. लाखो वारकऱ्यांतले बहुतेक चालत येतात, पण परतीला पुष्कळ जण गाडी धरतात. पायी दोन-अडीच आठवडे चाललेल्या माणसाच्या फोनमध्ये चार्जिंग किती असणार, आणि त्या गर्दीत रेंज किती मिळणार! तिथे उपयोगी पडतात त्या जादा खिडक्या. २०२५ मध्ये रेल्वेने काही ठिकाणी हातात धरायच्या लहान छपाई यंत्रांसह कर्मचारी प्रवाशांत पाठवण्याचा प्रयोग सुरू केला. म्हणजे एस.टी.च्या कंडक्टरचीच रीत. मला विचाराल तर यात्रेच्या दिवसांसाठी ही सगळ्यात शहाणपणाची युक्ती आहे.

घरी एवढे करून ठेवा

ज्यांच्या घरात चांगला फोन आहे त्यांनी प्रवास करणाऱ्यालाच तिकीट काढायला शिकवावे. मुलगा काढून देतो म्हणून आईने शिकायचे नाही, हे चालणार नाही. कारण परतीचे तिकीट काढताना मुलगा जवळ नसतो. पहिल्यांदा तिच्याच हाताने फलाट तिकीट किंवा जवळच्या गावाचे तिकीट काढवावे. चार वेळा चुकेल, पाचव्यांदा जमेल. ॲपची भाषा समजत नसेल तर पडद्यावरच्या जागा आणि रंग लक्षात ठेवून ती काम करते. बचत गटाच्या बैठकीत मी हे पाहिले आहे. त्या बायकांचा हात बसायला दुपारही पुरली नव्हती.

काही नियम मात्र घरातल्या सगळ्यांना माहीत हवेत. मोबाईलवरचे कागदविरहित तिकीट स्टेशनाच्या आवारात शिरण्याआधी काढावे लागते, फलाटावर उभे राहून निघत नाही. ते रद्द करून पैसे परत मिळत नाहीत. एकदा काढले की दाखवायला इंटरनेट लागत नाही, पण फोन चालू असावा लागतो. बॅटरी संपली तर तिकीट असून नसल्यासारखे. एका तिकिटावर घरातली तीन-चार माणसे असतील तर सगळ्यांनी त्या फोनजवळच बसावे. एक बाईमाणसांच्या डब्यात आणि फोन पुरुषांच्या डब्यात, असे केल्यास वाद ओढवून घ्याल. साध्या तिकिटाची मुदतही ध्यानात ठेवावी: १९९ किलोमीटरपर्यंतच्या प्रवासाला तिकीट काढल्यापासून तीन तासांत, किंवा त्या बाजूची पहिली गाडी सुटेपर्यंत, यांतले जे उशिरा असेल तोवर निघावे लागते. सकाळी काढलेले तिकीट संध्याकाळी चालत नाही.

यंत्रही बंद, खिडकीवर लांब रांग आणि गाडी तर आली, अशा वेळी पुष्कळजण 'बघू पुढे' म्हणून चढतात. तसे करू नये. बिनतिकीट सापडल्यास भाडे आणि त्यावर भाड्याइतका किंवा २५० रुपये, यांतला जो जास्त असेल तो दंड भरावा लागतो. १९८९ च्या रेल्वे अधिनियमात कलम ५५ मध्ये एक सोय आहे. चढण्याआधी गार्डला किंवा अधिकार मिळालेल्या रेल्वे कर्मचाऱ्याला अडचण सांगून, भाडे मागाहून भरण्याच्या अटीवर प्रवासाची परवानगी चिठ्ठी मागता येते. देणे न देणे त्याच्या हाती आहे, पण आधी सांगणारा आणि पकडल्यावर सांगणारा यांत कायदाही फरक करतो. गार्डला जानेवारी २०२२ पासून 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात. माणूस तोच, शेवटच्या डब्यातला.

लहान स्टेशनांसाठी आणखी एक वाट आहे. रेल्वे कमिशनवर स्थानिक माणसाला साधी तिकिटे विकायला नेमते. लहान स्टेशनावर तो स्टेशन तिकीट बुकिंग एजंट असतो, थांब्यावर हॉल्ट एजंट, आणि गाव-शहरात जनसाधारण तिकीट बुकिंग सेवक. जाहिरात निघते तेव्हा स्टेशनाजवळच्या गावातल्या शिकलेल्या पोरांनी, विशेषतः सुनांनी, अर्ज करावा. गावातल्या माणसाने गावातल्या माणसाला तिकीट देणे हे जुन्या मास्तरांच्या खिडकीच्या सगळ्यात जवळचे आहे, आणि घरात चार पैसेही येतात.

जिथे खिडकी अर्धवेळ झाली आहे किंवा यंत्र बंद पडून आहे, तिथे नुसते कुरकुरून काही होत नाही. १३९ या क्रमांकावर साध्या फोनवरूनही तक्रार नोंदवता येते. स्टेशनात तक्रारवही असते, ती मागायचा प्रवाशाला हक्क आहे. त्याहून वजनदार म्हणजे ग्रामसभेचा ठराव. तो सोलापूरच्या विभागीय रेल्वे व्यवस्थापकांच्या कार्यालयाकडे पाठवावा आणि एक प्रत विभागीय रेल्वे प्रवासी सल्लागार समितीवरच्या सदस्यांना द्यावी. ठरावात 'फार गैरसोय होते' एवढेच लिहू नये. आठ दिवस पाळीपाळीने एकाने स्टेशनात वही घेऊन बसावे. कोणत्या गाडीला खिडकी किती वाजता उघडली, रांगेत किती माणसे होती, त्यात साठीच्या पुढची किती, यंत्र चालू होते की बंद, आणि तिकीट न मिळाल्याने किती जणांची गाडी चुकली, हे तारीखवार लिहावे. खाली नोंद घेणाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात आणि त्या वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवून द्यावी.